बाळवस्तूंचे दालन, ए. बी. रोड, इंदूर: एका मुलासाठीचे सामान

इंदुरात ए. बी. रोडवर, विजयनगर चौकाच्या थोडे पुढे, फक्त बाळ आणि बाळंतीण यांना लागणाऱ्या वस्तूंचे एक दुमजली दालन आहे. गरोदरपणातल्या कपड्यांपासून चार वर्षांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलीपर्यंत सगळे एकाच ठिकाणी मिळते अशी त्यांची जाहिरात असते आणि ती खरी आहे. लेकीला सातवा महिना लागला तेव्हा ती, जावई आणि मी तेथे पहिल्यांदा गेलो. नात झाल्यावरही काही वस्तू बदलून घेण्यासाठी आणि काही नव्याने घेण्यासाठी जाणे झाले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या तक्रारी पुढे लिहिणार आहे त्या या एकाच दुकानाच्या नाहीत. मोठ्या शहरांतली अशी दालने हल्ली इतकी सारखी असतात की जे इंदुरात दिसले ते वडोदऱ्यात किंवा पुण्यातही थोड्याफार फरकाने दिसेल. ज्या घरात पाळणा हलायचा आहे त्या घरातल्या माणसांनी तेथे काय घ्यावे, काय घेऊ नये आणि कोणती वस्तू मुळात विकत घेण्याची नाहीच, एवढे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

आधी चांगल्या गोष्टी. दालन स्वच्छ आहे, लिफ्ट चालू असते, आणि बाळाला पाजण्यासाठी जी वेगळी खोली ठेवली आहे ती नावापुरती नाही; आत पंखा, हात धुण्याची सोय आणि पाठ टेकून बसता येईल अशी खुर्ची आहे. राजवाड्याच्या बाजूला, बजाजखान्यात किंवा शीतलामाता बाजारात, तान्हे मूल घेऊन गेलेल्या बाईने कोठे बसावे याचा विचार कोणी केलेला नाही, त्यामुळे या खोलीचे मोल ज्या बाईवर वेळ आली आहे तिलाच कळेल. विक्रीसाठी ठेवलेल्या मुली नम्र आहेत. त्यांतल्या बहुतेक विशी-बाविशीच्या, पण कोणती पट्टी कोठे अडकवायची, कोणते झाकण कोणत्या भांड्याला बसते, हे त्यांना चोख पाठ आहे आणि दहा वस्तू उघडायला लावून एकही न घेता निघाले तरी चेहऱ्यावर आठी येत नाही.

सर्वांत समाधान झाले ते मोटारीतल्या बाळाच्या आसनाच्या बाबतीत. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि 14 वर्षांखालील मुलाला पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय मोटारीत बसवल्यास 1,000 रुपये दंड ठरला. तरी आमच्या शहरात आजही आई पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसते आणि मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही असे सगळे धरून चालतात. दालनातला एक तरुण आमच्याबरोबर खाली गाडीपर्यंत आला. मागच्या बाकावर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे होईल अशा रीतीने, आसन कसे बसवायचे ते त्याने दाखवले, दोन्ही हातांनी ते गदागदा हलवून पाहिले आणि मग सगळे सोडून जावयाकडून पुन्हा पहिल्यापासून बसवून घेतले. ही वस्तू महाग आहे, पण अशा ठिकाणीच घ्यावी, कारण ती चुकीची बसवली तर असून नसल्यासारखी आहे आणि ती बसवायला शिकवणारा माणूस संगणकावरच्या खरेदीत मिळत नाही.

आता दालनाच्या मांडणीविषयी, कारण माझा मुख्य मुद्दा तेथेच आहे. कपडे, दुधाचे दात येताना चावायची खेळणी, बूट, ताटल्या, झोपायच्या पिशव्या, सगळे महिन्यांप्रमाणे लावलेले आहे: 0 ते 3, 3 ते 6, 6 ते 9, 9 ते 12. प्रत्येक कप्प्यापुढे मोठ्या अक्षरांत पाटी आहे. शोधायला हे सोपे जाते यात शंका नाही. पण त्या रांगांतून चालत गेले की लक्षात येते की प्रत्येक वस्तूचे आयुष्य तीन महिन्यांचे ठरवून टाकले आहे, आणि त्या तीन महिन्यांनंतर ती वस्तू कोणाकडे जाईल याचा विचार या मांडणीत कोठेच नाही. धाकटे भावंड नाही, मावसभावंड नाही, वाड्यातल्या दुसऱ्या बिऱ्हाडातले बाळ नाही. आमच्यासारख्या घरांच्या बाबतीत दुर्दैवाने हे गृहीतक खरेही ठरते.

माझी आजी देवासहून लग्न होऊन इंदुरात रामबागेत आली. तिला नऊ मुले झाली, त्यांतली सहा जगली. माझ्या आईला आम्ही चौघे, मला दोघे, आणि लेक व जावई यांनी एका मुलावर थांबायचे ठरवले आहे. ही उतरण आमच्याच घरची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे 1992-93 मध्ये, मध्य प्रदेशातल्या स्त्रीला सरासरी 3.9 मुले होत. 2019-21च्या पाचव्या फेरीत हा आकडा 2.0 वर आला. देशाचा आकडाही 2.0 आणि नुसती शहरे पाहिली तर 1.6. पिढीच्या जागी तेवढीच पिढी यायला 2.1 लागतात. भिंतीभिंतींवर रंगवलेल्या घोषणांचा यात वाटा असेल, पण मुले जगू लागली हे कारण मला त्याहून मोठे वाटते: 1971 मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली 129 वर्षाच्या आत दगावत, 2020 मध्ये 28. मध्य प्रदेश यात अजून मागे आहे, येथे त्याच वर्षी हा आकडा 43 होता. तरीही आजीच्या काळात प्रत्येक बाळंतपणामागे जी धास्ती असे ती आज कोणत्याही घरात नाही. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि पुढे त्या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. ज्या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्य वेचले ती माझी लेक आज चहाचा कप हातात घेऊन सासूसमोर आणि आईसमोर सरळ बोलते. मला याचा मनापासून आनंद आहे आणि तिच्या निर्णयात मला काडीचीही ढवळाढवळ करायची नाही.

मात्र मुले कमी झाली की घरातले सामानही कमी होईल, असे कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या काळात सगळेच धरून चालत, आणि ते मुळीच झाले नाही. चार मुलांच्या घरात एका मुलाच्या वस्तू असत आणि त्या चौघांना पुरत. आता एका मुलाच्या घरात चौघांच्या वस्तू येतात आणि त्यांतल्या निम्म्या वापरल्याही जात नाहीत. या दालनात उभे राहून हे जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कोठेही दिसणार नाही.

कपड्यांचेच पाहा. आपल्याकडे तान्ह्या बाळाला नवे कोरे कापड घालत नसत. नव्या कापडाला खळ असते, ती टोचते, म्हणून आजीच्या विरलेल्या लुगड्याची दुपटी शिवत आणि एखाद्या धडधाकट वाढलेल्या मुलाचे झबले मुद्दाम मागून आणत. माझ्या नातीची दुपटी मी माझ्या आईच्या एका जुन्या महेश्वरी सुती साडीची शिवली. चाळीस वर्षे धुऊन धुऊन तिचा पोत असा झाला आहे की हाताला कापड लागते की नाही असे वाटावे. त्याच दिवशी दालनातून आणलेला 0 ते 3 महिन्यांचा फ्रॉक मी उलटा करून पाहिला. बाहेरून जाळी, साटीनचा बो, मोती. आत काखेपाशी जाळीची कापलेली कड उघडी, आणि मानेमागे कंपनीच्या नावाची नायलॉनची चिठ्ठी, जिचे दोन्ही कोपरे टोकदार. मलमलीच्या झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला असे, बाळाच्या अंगाला लागू नये म्हणून. शिवणारीने एवढा विचार केलेला असे. फ्रॉकची किंमत 1,200 रुपये होती, तो बारशाच्या दिवशी तासभर अंगावर राहिला आणि मानेवर लाल वळ उठला म्हणून काढला. तेव्हापासून तो कपाटात आहे. दालनात चांगले सुती कपडेही आहेत, पण ते खालच्या कप्प्यात, आणि 'ऑरगॅनिक' म्हणून जे मलमलीचे तीन चौकोन 900 रुपयांना विकतात तशी मलमल बजाजखान्यात मीटरवर मिळते.

येथे एक गंमतीची नव्हे तर विचार करण्यासारखी गोष्ट पाहिली. गर्भलिंगनिदानाला 1994च्या कायद्याने बंदी असल्यामुळे बाळंतपणापूर्वीच्या खरेदीत विक्रेत्या मुली पिवळा किंवा हिरवा रंग सुचवतात: "आंटीजी, येलो ले लीजिए, दोनों में चल जाएगा." सल्ला चांगला आहे. पण बाळ जन्मल्यावर तीच मंडळी पुन्हा येतात, आणि मग मुलगी असेल तर गुलाबी, मुलगा असेल तर निळा, असा दुसरा पूर्ण संच घेतला जातो. पिवळ्यावर कोणी थांबत नाही. आणि गुलाबी संच उद्या कोणाच्या मुलासाठी दिला तर तो घेतला जाणार नाही, म्हणजे वस्तू पुढे जाण्याची जी थोडी वाट उरली होती तीही रंगाने बुजवली.

पाळण्याची कथा मात्र वेगळी आहे आणि तीत दालनाला दोष देता येत नाही. आमच्या घराण्यात एक सागवानी पाळणा आहे, पितळी कड्यांचा, जो माझ्या आत्यांच्या, काकांच्या आणि आम्हा भावंडांच्या घरांतून फिरत राहिला. ज्याच्याकडे शेवटचे बाळ, त्याच्याकडे तो पाळणा. लेकीसाठी तो माझ्या चुलतभावाकडून, सुदामानगरहून, आणायचे ठरले होते. पण लेकीचा फ्लॅट निपानियाला, नव्या इमारतीत. छताला कडी नाही. स्लॅबमध्ये भोक पाडायला सोसायटीची परवानगी नाही आणि वर फॉल्स सीलिंग. पाळणा टांगायचा कोठे? जमिनीवर उभा राहणारा पाळणा घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तो 14,000 रुपयांचा, चाकांचा, मच्छरदाणीसह पाळणा खरोखर चांगला निघाला. त्याच फ्लॅटला माळाही नाही. पूर्वी बाळाचे सामान गाठोड्यात बांधून माळ्यावर जाई आणि पुढच्या बाळासाठी खाली येई. आता दोन खोल्यांच्या घरात जी वस्तू आज लागत नाही तिला उद्यापर्यंत ठेवायला जागा नाही, म्हणून ती जाते आणि पुढच्या घरी तीच वस्तू नवी येते. या उधळपट्टीचे खापर आपण तरुण आईबापांच्या हौसेवर फोडतो, पण निम्मी उधळपट्टी बिल्डरच्या नकाशातच आखलेली असते.

दुसरा मजला अशा वस्तूंचा आहे ज्या माणसांच्या जागी आल्या आहेत: आपोआप झुलणारी विजेची झोळी, थरथरणारी खुर्ची, आईच्या हृदयाच्या ठोक्यांचा आवाज काढणारे ससे, रडणे ऐकून दुसऱ्या खोलीत दिवा लावणारे यंत्र. माझ्या वयाच्या बायका हे पाहून नाक मुरडतात आणि "आमच्या वेळी घरात माणसे होती" असे म्हणतात. माणसे होती हे खरे, पण ती कोण होती हेही सांगितले पाहिजे. माझी थोरली आत्या चौथीतून शाळेबाहेर आली, कारण आजीची बाळंतपणे एकामागून एक चालू होती आणि धाकट्यांना कडेवर घ्यायला कोणी हवे होते. तिने पाच भावंडे सांभाळली. तिला वाचायची इतकी ओढ होती की उतारवयातही वाणसामानाच्या पुड्यांचे कागद ती उलगडून वाचत असे. एखाद्या मुलीचे शिक्षण वाचत असेल तर विजेची झोळी मला मान्य आहे, आणि लेकीने ती घेतली तेव्हा मी एक शब्दही बोलले नाही. मात्र ती विकत घेण्याची वस्तू नाही. बाळ सहा-सात महिन्यांचे होऊन उठून बसू लागले की ती वापरता येत नाही. ती आमच्या ओळखीच्या एका घरातून आणली आणि नंतर दुसऱ्या घरी दिली असती तरी चालले असते.

चालायला शिकवणारा म्हणून जो चाकांचा वॉकर येथे अगदी दाराशी मांडला आहे, तो मात्र कोणीही, कोणाकडूनही, फुकटही घेऊ नये. त्यातून मुले पायऱ्यांवरून पडतात, स्वयंपाकघरात शेगडीपर्यंत पोचतात, आणि त्याने मूल लवकर चालते हा समजही खोटा आहे. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्याकडे तो रंगीत दिवे लावून विकला जातो. बालरोगतज्ज्ञाने लेकीला स्पष्ट नको म्हणून सांगितले होते, तरी प्रत्येक भेटीत कोणीतरी तो पुढे सरकवलाच.

याहून गंभीर तक्रार दुधाच्या बाटल्यांची. नात महिन्याची असताना ठरावीक रकमेच्या खरेदीवर दुधाची बाटली भेट, अशी एक पाटी गल्ल्यापाशी होती. शिशुदुग्धाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्याविषयी 1992 साली कायदा झाला आणि 2003 मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्याप्रमाणे बाटल्यांची जाहिरात करणे, त्या नमुना किंवा भेट म्हणून देणे, त्यांच्या खपासाठी कोणतेही आमिष दाखवणे मना आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आमच्या अंगणवाडीतली ताईही तेच सांगते. मी व्यवस्थापकाला बोलावून हे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, पाटी वरून आली आहे असे म्हणाला, आणि पुढच्या भेटीत ती दिसली नाही. ज्या आईला वैद्यकीय कारणाने बाटली लागते तिला ती जरूर मिळावी. ज्या आईचे दूध अजून नीट उतरत आहे आणि जी रात्रीच्या जागरणाने खचली आहे, तिच्या हाती फुकट बाटली ठेवणे हा अपराध आहे, आणि असे कोठे दिसले तर वाचकांनीही गप्प बसू नये.

डायपरचा विभाग सर्वांत मोठा आहे आणि तेथे सवलतीही खऱ्या असतात. पण हिशेब करून पाहावा. पहिल्या वर्षी दिवसाला सहा आणि दुसऱ्या वर्षी चार धरले तरी दोन वर्षांत एका मुलाचे साडेतीन हजारांहून अधिक डायपर होतात. 2017 पासून वर्षानुवर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचे नाव आहे. रोज सकाळी येणाऱ्या गाडीला सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे आणि देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा रोज 550 टन क्षमतेचा प्रकल्प 2022च्या फेब्रुवारीत सुरू झाला. भाजीची देठे त्या प्रकल्पात जाऊन गॅस होतात. डायपरचा ना गॅस होतो ना खत, कारण त्यात वरून प्लास्टिकचा पडदा आणि आत पाणी धरून ठेवणारे सुपरॲब्सॉर्बंट पॉलिमर असते. वापरलेला डायपर बांधून टाकण्यासाठी उत्पादकाने पाकिटाबरोबर वेष्टन द्यावे, अशी तरतूद 2016च्या घनकचरा नियमांत होती. मी पाहिलेल्या पाकिटांपैकी मोजक्यांत ते होते, बाकीचे वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करून द्यावे लागतात. उलट बाजूही सांगते. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर चढवून आणावे लागते आणि पुष्कळ वसाहतींत ते एकाआड एक दिवस येते. तेथे ओल्या बाळंतिणीने दिवसाला पंधरा लंगोट धुवावेत असे सांगणे सोपे, धुणे कठीण. आमच्या घरी दिवसा लंगोट आणि रात्री व प्रवासात डायपर अशी वाटणी केली आहे आणि ती नीट चालली आहे. दालनात सुती त्रिकोणी लंगोटांची पाकिटे आहेत, किंमत वाजवी आहे, कापडही चांगले आहे, परंतु मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

पैसे भरण्याच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या एका सद्गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांचीही ट्रॉली काठोकाठ भरलेली होती, सगळे एका नातवासाठी. लोकसंख्येचा विषय त्यांनीच काढला: "हमने तो एक पर रोक लिया, आबादी तो बस्ती वाले बढ़ा रहे हैं." हे वाक्य आपल्या मराठी बैठकांतही मी पुष्कळदा ऐकले आहे, म्हणून त्याला येथे उत्तर देते. 1951च्या जनगणनेत आपण 36 कोटी होतो, 2011 मध्ये 121 कोटी झालो, आणि 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार चीनच्या पुढे गेलो. गर्दीचा प्रश्न खरा आहे आणि ज्या शहरात पिण्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यातून उपसून आणावे लागते त्या शहराला तो कोणी शिकवायला नको. परंतु मुले कमी होत आहेत ती सर्वच थरांत. पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात दर स्त्रीमागे 2.6 मुले आहेत आणि सर्वांत श्रीमंत हिश्श्यात 1.6, म्हणजे अंतर एका मुलाचे आहे. आज लोकसंख्या वाढते आहे ती मुख्यतः आधीच जन्मलेल्या तरुण पिढीच्या संख्येमुळे. आणि सक्तीचा मार्ग आपण आणीबाणीत एकदा चोखाळून पाहिला आहे: 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, लोक इतके बिथरले की पुरुष या विषयापासून कायमचा दूर गेला, आणि पाचव्या सर्वेक्षणात 38 टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती तर पुरुषांची अर्धा टक्काही नाही. त्या ट्रॉलीकडे पाहून मला वाटले ते असे की वस्तीतल्या घरात दुसरे मूल पहिल्याच्या कपड्यांत वाढते, आणि आमच्या दोघांच्या ट्रॉल्यांतली खोकी, थर्माकोल आणि प्लास्टिक त्या दोन्ही मुलांच्या वाट्याच्या कचऱ्याहून कितीतरी अधिक होते. देशादेशांतही हेच दिसते. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला 2 टनांच्या आसपास आहे, अमेरिकेत 14 टनांच्या आसपास. माणसांची संख्या मोजताना प्रत्येक माणूस किती ओढतो हेही मोजले पाहिजे, आणि ती मोजणी विजयनगरपासून सुरू करावी लागेल.

मग या वस्तू पुढे जाव्यात कशा? 2023च्या उन्हाळ्यात 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' मोहिमेत शहरोशहरी वापरलेल्या वस्तू स्वीकारणारी 'तीन आर' (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रे निघाली आणि लोकांनी तेथे बाळाचे सामान भरभरून दिले. अडचण देण्याची नाहीच, मागण्याची आहे. आपली मंडळी जुने कपडे केंद्रात आनंदाने देतात, पण स्वतःच्या नातवासाठी कोणाकडे झबले मागायचे म्हटले की कमीपणा वाटतो. माझ्या आजीच्या काळी झबले मागणे हा ज्या घरातून मागितले त्या घराचा मान असे. लेकीच्या डोहाळजेवणाला मी बायकांना सरळ सांगितले की आहेर नको, आपल्याकडचे जे बाळाचे सामान पडून असेल ते द्या. सुरुवातीला सगळ्या संकोचल्या. नंतर दोन झोळ्या, दुपट्यांची चळत, बाळाला न्हाऊ घालायची तिवई आणि पुस्तके आली, आणि बरोबर कोणत्या दुपट्यावर कोण झोपले होते ते सांगणाऱ्या बायकाही आल्या. टिळकनगर, लोकमान्यनगर, रामबाग येथे आपली इतकी घरे आहेत; महिलामंडळांनी मनावर घेतले तर अशा वस्तूंची एक फिरती पेटी सहज उभी राहील. दालनाच्या व्यवस्थापकालाही मी सुचवले की पाळणे, झोळ्या आणि उंच खुर्च्या परत विकत घेऊन, तपासून, कमी दराने पुन्हा विकायची सोय करावी. कल्पना त्याला पटलेली दिसली, पण ठरवणारे लोक दुसऱ्या शहरात बसतात असे त्याने सांगितले.

तेव्हा या दालनातून मोटारीचे आसन घ्यावे, घराला कडी नसेल तर पाळणा घ्यावा, लंगोट मागून घ्यावेत. खेळण्यांवर 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहूनच घ्यावीत; येथल्या खेळण्यांवर ते होते. कपडे, झोळी, तिवई आणि पहिल्या वर्षाची पुस्तके नात्यात विचारावीत. वाढदिवसाच्या सजावटीचा कप्पा टाळावा. जायचे तर कामाच्या दिवशी सकाळी, कारण शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही आणि आसन बसवून दाखवणाऱ्या तरुणाला खाली येण्याची फुरसत नसते. बिल आणि खोके सांभाळून ठेवावे. न वापरलेली वस्तू पंधरा दिवसांत बदलून मिळते, मात्र पैसे परत न देता कूपन देतात आणि त्याची मुदत सहा महिन्यांची असते.